स्थानिक माध्यमांचा निधी सांभाळायला निघालेल्या पत्रकाराला

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत वीस-बावीस वर्षं काढलेल्या, सध्या आवृत्तीप्रमुख असलेल्या पत्रकाराला पुण्यातल्या एका कुटुंबाच्या फाउंडेशनने बोलावलं आहे. ग्रामीण भागातल्या, दलित, आदिवासी आणि भटक्या समाजांतल्या लोकांनी, तसंच बायकांनी चालवलेल्या छोट्या माध्यमांना अनुदान देण्यासाठी त्यांनी निधी काढला आहे. तो कोणी सांभाळायचा, तर या पत्रकाराने. शंका तीन आहेत. ही पत्रकारिता सोडणं आहे का? पैसे कोणाला द्यायचे हे ठरवायचं कसं? आणि देणगीदाराने बातमीत नाक खुपसलं तर काय करायचं?

मी स्वतः बातमीदारी आणि डेस्क करून अनुदानाच्या कामात आले, त्यालाही आता बराच काळ झाला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या शंकेचं उत्तर: पत्रकारिता सुटत नाही, संपादकपण मात्र सोडावं लागतं. या दोन्हींची गल्लत झाली की निधी भलतीकडे जातो. गावात जाऊन विचारपूस करणं, कागद मागणं, दोन बाजूंनी खातरजमा करणं, समोरचा माणूस काय सांगायचं टाळतोय ते ओळखणं ही बातमीदाराची कामं इथे रोज लागतात, आणि फाउंडेशनांमध्ये ती करू शकणारी माणसं फार थोडी असतात. संपादकाची सवय वेगळी. ही बातमी पान एकची, ही आतल्या पानावर, हे काय बातमी म्हणून पाठवलंय, असं ठरवण्यात आपली वर्षं गेलेली असतात. त्या नजरेला घोटीव मराठी आवडतं. तहसीलदारांची प्रतिक्रिया असलेली, चारशे शब्दांत बसणारी बातमी आवडते. अर्ज वाचायला बसलं की तीच नजर कामाला लागते, आणि ज्यांना आजवर पान मिळत आलं त्यांनाच आता पैसेही मिळतात.

२०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांनी इंग्रजी-हिंदी वृत्तपत्रं, वाहिन्या, संकेतस्थळं आणि नियतकालिकांची पाहणी केली होती. न्यूजरूममधल्या नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींतलं एकही माणूस तिथे नव्हतं. मराठीत चित्र फार निराळं असेल असं मला वाटत नाही. तुमच्याच आवृत्तीच्या डेस्कवर गेल्या वीस वर्षांत कोण कोण बसलं, त्यांची नावं एकदा आठवून पाहा. तुमची आणि माझी बातमीची समज त्याच खोलीत घडली आहे. त्या समजेत वाईट काही नाही, पण ती अपुरी आहे, आणि समन्यायी माध्यमांसाठी काढलेला निधी त्या एकट्या समजेच्या भरवशावर चालवता येत नाही.

या कामाला आपल्याकडे जुना आणि फार मोठा दाखला आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचं ‘मूकनायक’ पाक्षिक निघालं, त्यामागे छत्रपती शाहू महाराजांनी दिलेले २,५०० रुपये होते. ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनसुद्धा घेतली नव्हती, असा तो काळ. पहिल्या अंकातल्या मनोगतात बाबासाहेबांनी मुद्दा स्पष्ट मांडला: मुंबई इलाख्यात पत्रं पुष्कळ आहेत, पण त्यांतली बरीचशी विशिष्ट जातींचं हित पाहणारी आहेत, आणि बहिष्कृतांच्या प्रश्नांना त्यांत पुरेशी जागा नाही. आज स्थानिक माध्यमांतल्या समन्यायाबद्दल जे बोललं जातं, त्याचा गाभा तिथे शंभर वर्षांपूर्वीच आलेला आहे.

मला मात्र त्या कहाणीचा पुढचा भाग कामाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा वाटतो. १९२० मध्येच बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले. मे १९२२ मध्ये शाहू महाराजांचं निधन झालं. १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडलं. १९२७ च्या एप्रिलमध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू झालं आणि तेही पैशांच्या ओढाताणीत १९२९ मध्ये थांबलं. ज्या वाचकांसाठी ही पत्रं होती, त्यांच्या हातात वर्गणीपुरतेही पैसे नव्हते, आणि ज्यांच्याकडे जाहिरातीचा पैसा होता त्यांना ही पत्रं नको होती. सुरुवातीच्या देणगीने पत्र निघतं. ते चौथ्या-पाचव्या वर्षी चालू राहायचं तर दर महिन्याचा पगार, कागद आणि छपाई यांची सोय लागते. आजही बहुतेक फाउंडेशनं पहिल्या कामाला उत्साहाने पैसे देतात आणि दुसऱ्याच्या वेळी ‘आता स्वावलंबी व्हा’ म्हणतात.

तुमच्यासारखाच प्रवास केलेलं अलीकडचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ट्रेसी पॉवेल या अनेक वर्षं पत्रकार होत्या. २०१९ मध्ये त्यांनी बोरियालिस फिलान्थ्रॉपी या संस्थेत वांशिक समन्यायासाठी पत्रकारितेचा निधी उभा करायचं काम घेतलं, आणि पुढे ‘पिव्हट फंड’ हा स्वतःचा निधी सुरू केला. त्यांचं काम मी बारकाईने पाहत आले ते एका कारणासाठी: अर्ज येण्याची वाट न पाहता त्या माध्यमं शोधायला वस्त्यांमध्ये गेल्या. तुम्हाला इथल्या बातम्या कोणाकडून कळतात, असं लोकांनाच विचारलं. जॉर्जिया राज्यात त्यातून जी नावं पुढे आली त्यांत सव्हाना शहरातलं ‘पासा ला व्होस’ हे स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरितांसाठी फेसबुकवर वाढलेलं माध्यम होतं. मोठ्या फाउंडेशनच्या टेबलावर असं नाव सहसा पोचत नाही, कारण ना त्यांच्याकडे अर्ज लिहिणारा माणूस असतो, ना त्यांना पत्रकार परिषदांची आमंत्रणं असतात. पण वादळ येणार असेल तर त्या वस्तीत लोक त्यांचंच पान उघडतात.

त्याच देशात सप्टेंबर २०२३ मध्ये मॅकआर्थर फाउंडेशनच्या पुढाकाराने २२ देणगीदारांनी मिळून ‘प्रेस फॉरवर्ड’ सुरू केलं: पाच वर्षांत ५० कोटी डॉलर स्थानिक बातमीदारीसाठी. पुढच्या वर्षी, वार्षिक खर्च १० लाख डॉलरच्या आत असलेल्या छोट्या न्यूजरूमसाठी त्यांनी खुलं आवाहन केलं, तेव्हा नऊशेवर अर्ज आले. आधी शंभर जणांना द्यायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०२४ मध्ये २०५ न्यूजरूमना मिळून २ कोटी डॉलर दिले गेले, आणि तेही सर्वसाधारण खर्चासाठी. आकडे आपल्या आवाक्यातले नाहीत, पण छोट्यांसाठी वेगळी रांग लावणं आणि पैसे कुठे खर्चायचे ते त्यांच्यावर सोडणं, या दोन्ही गोष्टी पाच कोटींच्या मराठी निधीलाही जमतात.

आता पैसे कोणाला द्यायचे. इथे मी एक भेट सांगते.

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी एक जोडपं साप्ताहिक आणि त्याच नावाचं यूट्यूब चॅनल चालवत होतं. पुढे झेरॉक्स-डीटीपीचं दुकान, मागे कार्यालय. अर्जात ‘जनजागृती’, ‘सक्षमीकरण’, ‘शाश्वत विकास’ असे शब्द होते. तो कोणीतरी लिहून दिलेला होता हे उघड होतं. मी अर्ज बाजूला ठेवला आणि जाहिरातींची वही मागितली. लांबट, लाल कापडी बांधणीची. अंकाची तारीख, जाहिरातदाराचं नाव, किती सेंटिमीटर, किती रक्कम आणि शेवटच्या रकान्यात पेन्सिलने ‘येणे’. त्या रकान्यात नगरपरिषद वर्षभर तशीच पडून होती. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिराती तेवढ्या रोखीत आलेल्या. दिवाळी अंकाची वसुली जेमतेम निम्मी. मग एका पानावर एकदम तीन नावं खोडलेली दिसली. विचारलं तर बाई म्हणाल्या, ‘टँकरची बातमी लावली ना आम्ही. ज्याचे टँकर, त्याचाच पेट्रोल पंप. पतसंस्था त्याच्या भावाची. आणि कापडाचं दुकान साडूचं.’

अनुदान कशासाठी द्यायचं ते मला त्या पानावर कळलं. या तीन जाहिराती गेल्या तरी पुढचा अंक वेळेवर निघावा, यासाठी. तालुक्याच्या गावात सत्ता, धंदा आणि नातं एकाच घरात राहतं. पुण्या-मुंबईत एका जाहिरातदाराने हात आखडला तर दुसरा असतो. तिथे दुसरा म्हणजे पहिल्याचा मेव्हणा.

पण त्याच भेटीत दुसरीही गोष्ट दिसली. त्यांना सर्वांत चांगल्या बातम्या आणून देणारी मुलगी पारधी बेड्यावरची, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरची होती. रेशन, जातीचे दाखले, पोलीस रात्री बेड्यावर येऊन काय करतात, हे सगळं तिच्यामुळे येत होतं. तिला बातमीमागे काहीच मिळत नव्हतं. जाहिरात आणली तर १५ टक्के कमिशन, आणि बेड्यावर जाहिरात कोण देणार? मोठी दैनिकं तालुका वार्ताहराला ज्या रीतीने वागवत आली, तीच रीत छोट्या माध्यमात जशीच्या तशी उतरली होती. ते जोडपं वाईट नव्हतं. त्यांनी दुसरी रीत पाहिलीच नव्हती. आमच्या अनुदानाची पहिली ओळ म्हणून तिचा पगार लिहिला, तिचं नाव बातमीवर यायला लागलं आणि संपादकीय बैठकीत तिची खुर्ची आली. मला विचाराल तर निधीची पहिली अट हीच असावी. माध्यम कोणत्या समाजाचं आहे एवढं बघून थांबू नका. त्याच्या आत पगार कोणाला मिळतो आणि आज काय छापायचं हे कोण ठरवतं, तेही बघा.

भेटीत मी काय विचारते असं तरुण सहकारी नेहमी विचारतात. ठरलेली प्रश्नावली नाही, पण काही गोष्टी चुकवत नाही. गेल्या वर्षात कोणती बातमी लावता आली नाही आणि का? बातमी आल्यावर फोन कोणाचा आला? चूक झाली तर खुलासा कुठे छापता, आणि गेल्या खेपेचा खुलासा दाखवा. बँकेचं पासबुक आणि वही शेजारी ठेवून बघते. मग कार्यालयातून उठून एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत, आठवडी बाजारात त्यांच्याबद्दल विचारते. ‘तो पाकीटवाला’ असं दोन-तीन ठिकाणी ऐकू आलं तर ते गंभीरपणे घ्यावं लागतं. तोडीपाणी करणारे तथाकथित पत्रकार तालुक्यात असतात हे तुम्हालाही ठाऊक आहे, आणि त्यांचे अर्ज सर्वांत सुबक असतात. उलट, ‘फार भांडकुदळ बाई आहे, पण खोटं लिहीत नाही’ असं एखादा ग्रामसेवक नाराजीने म्हणाला, तर त्यापेक्षा चांगलं शिफारसपत्र नाही.

भाषेबद्दलही सांगते. आपल्या मनात ‘मराठी माध्यम’ म्हटलं की प्रमाण मराठी येतं. नंदुरबारला पावरी आणि भिली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलणाऱ्यांना त्यांच्या भाषेत बातमी कोण देतं? शेजारच्या छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी बीबीसीतली पत्रकारिता करून झाल्यावर २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलं. साध्या फोनवरून आपली तक्रार किंवा बातमी गोंडीत, हिंदीत सांगायची, आणि दुसऱ्यांनी फोन करून ती ऐकायची. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये २००२ मध्ये ‘निरंतर’ या संस्थेच्या आधाराने ‘खबर लहरिया’ बुंदेली भाषेत निघालं, दलित, आदिवासी, मुस्लिम, इतर मागास जातींतल्या बायकांनी लिहिलेलं. २००९ मध्ये त्यांना युनेस्कोचा साक्षरता पुरस्कार मिळाला, आणि पुढे छपाई थांबवून ते मोबाइलवर गेलं. त्यांच्या पहिल्या वर्षीचा अर्ज तुमच्या-माझ्या टेबलावर आला असता, तर ‘शुद्धलेखन कच्चं’ म्हणून आपण तो खाली सरकवला असता का, हा प्रश्न मी प्रत्येक निवडीच्या आधी स्वतःला विचारते. आपल्याकडे म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हा सामुदायिक रेडिओ २००८ पासून चालू आहे, आणि गोव्यातून चालणाऱ्या ‘व्हिडिओ व्हॉलंटियर्स’ने देशभर वस्त्यांमधलेच वार्ताहर तयार केले. म्हणजे माणसं आहेत, पद्धती आहेत. एक अडचण ध्यानात ठेवा: सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या तशाच्या तशा ऐकवता येतात. त्यामुळे रेडिओला पैसे देताना ‘बातमीदारी’ असा शब्द करारात घालू नका. पाणी, आरोग्य, बाजारभाव, ग्रामसभेची माहिती यांसाठी द्या.

किती पैसे आणि किती वर्षं? बहुतेक अनुदानं इतकी लहान असतात की त्यांनी नुसती धावपळ वाढते. तालुका पातळीवरच्या प्रामाणिक माध्यमाचा महिन्याचा हिशेब मी असा धरते: दोन वार्ताहर प्रत्येकी २५ हजार, संपादन सांभाळणारं माणूस ३५ हजार, वर्गणी आणि जाहिराती बघणारं अर्धवेळ माणूस १५ हजार, पेट्रोल आणि डेटा १० हजार, हिशेबनीस ५ हजार, संकेतस्थळ आणि किरकोळ ५ हजार. झाले १ लाख २० हजार, म्हणजे वर्षाला १४ लाख ४० हजार. छपाई असेल तर ती वेगळी. यात कोणी श्रीमंत होत नाही. मग ‘बालविवाहावर सहा व्हिडिओ’ एवढ्यासाठी ३ लाख दिले की काय होतं? तेच दोन वार्ताहर ग्रामपंचायतीची बातमी सोडून बालविवाहावर फिरतात, अहवाल लिहितात, आणि मार्चनंतर पुन्हा कमिशनवर येतात. म्हणून माझं मत ठाम आहे: थोड्यांना द्या, पुरेसं द्या, किमान तीन वर्षं द्या, आणि विषय तुम्ही ठरवू नका. पहिल्या वर्षी पूर्ण खर्च, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हळूहळू कमी, पण त्याबरोबर वर्गणी आणि जाहिराती वाढवणाऱ्या माणसाचा पगार शेवटपर्यंत. स्वावलंबन उपदेशाने येत नाही, ते काम करायला माणूस लागतो.

पैसे आगाऊ द्या. ‘आधी खर्च करा, बिलं पाठवा, मग देऊ’ ही पद्धत घरात शिल्लक असलेल्यांनाच परवडते, आणि आपण ज्यांच्यासाठी निधी काढला ते तिथेच गळतात. अहवाल वर्षातून दोनदा, फोनवर, त्यांच्या बोलीत ऐकून घ्या आणि तुमच्या माणसाने तो लिहून काढावा. हिशेब मात्र चोख हवा. त्यासाठी हिशेबनिसाचा पगार वर धरलाच आहे. यश मोजताना व्ह्यूजकडे जाऊ नका. तालुक्यात व्ह्यूज अपघाताला आणि भांडणाला मिळतात. बातमीनंतर रेशन दुकानाचा फलक लागला का, ग्रामसभेचं इतिवृत्त बाहेर आलं का, वस्तीतले लोक पुढची तक्रार घेऊन कोणाकडे आले, हे बघा.

कायद्याचं थोडक्यात, कारण यावर तुम्ही चांगला सनदी लेखापाल आणि वकील धरालच. परदेशी पैसा विसरा: परकीय योगदान कायदा, २०१० नुसार नोंदणीकृत वृत्तपत्राचे मालक, संपादक, वार्ताहर यांना आणि दृक्‌श्राव्य बातम्या देणाऱ्या संस्थांना तो घेता येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेऊन दुसरीला देण्याचीही वाट बंद झाली. कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीपोटी खर्चायचा पैसाही सरळ मिळत नाही, कारण तो कोणत्या कामांना देता येतो त्याची यादी असलेल्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पत्रकारिता नाही. शिक्षण किंवा महिला सक्षमीकरणाच्या नावाने तो बातमीदारीकडे वळवायचा सल्ला कोणी देईल. घेऊ नका, अडकते ती छोटी संस्था. धर्मादाय न्यास किंवा कलम ८ ची (ना-नफा) कंपनी असलेल्या माध्यमाने जाहिराती घेतल्या, तर लोकोपयोगी कामाच्या नावाखालच्या करसवलतीला धंद्याचं उत्पन्न एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवण्याची मर्यादा आड येते, म्हणून आधीच हिशेब मांडून घ्या. वृत्तपत्राची नोंदणी १ मार्च २०२४ पासून नव्या कायद्याने होते. डिजिटल माध्यमाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. पुष्कळ यूट्यूब चॅनलवाल्यांना हे माहीतच नसतं आणि पहिली नोटीस आली की ते चॅनल बंद करून बसतात. तुमच्या निधीतला वकील त्यांना एका दुपारी हे सगळं लावून देऊ शकतो.

वकिलाचा पैसा अनुदानाबाहेर, वेगळा ठेवा. तालुक्यातल्या वार्ताहराला गप्प करायचं हत्यार बहुधा बदनामीची नोटीस असतं, पूर्वीचं कलम ५००, आता भारतीय न्याय संहितेचं ३५६. खटला जिंकणं दूरची गोष्ट. तारखांना जाण्यातच माणूस मोडतो. आणि कधी त्याहून वाईट घडतं. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांची रिफायनरीच्या विषयातली बातमी ६ फेब्रुवारी २०२३ ला छापून आली, त्याच दिवशी त्यांना गाडीने धडक दिली गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, पण कायदा हल्ल्यानंतर कामाला येतो. विमा, संकटात काही दिवस दुसऱ्या गावी राहण्याची सोय, रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर, घरच्यांसाठी तातडीची मदत: एवढं तरी निधीने करायलाच हवं. आपण एखाद्याला ‘निर्भीड लिहा’ म्हणून पैसे देतो तेव्हा त्याच्या जिवाची जबाबदारी काही अंशी आपल्यावर येते. मी हे फार मनापासून मानते.

तिसरी शंका: देणगीदार. ते कुटुंब भल्या हेतूने आलं आहे असंच धरून चाला. पण त्यांचा कारखाना असेल, जमीन असेल, मित्र असतील, आणि एक दिवस तुमच्या अनुदानावर चालणारं माध्यम त्यांच्या मित्राच्या खाणीबद्दल लिहील. त्या दिवशीचा फोन कसा घ्यायचा हे त्या दिवशी ठरवता येत नाही. आधीच लेखी ठरवा: निधी कोणतीही बातमी छापण्याआधी पाहणार नाही, विषय सुचवणार नाही, बातमीमुळे हप्ता रोखणार नाही. देणगीदाराला तक्रार असेल तर इतर कोणत्याही वाचकासारखं त्याने माध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावं. आणि प्रत्येक माध्यमाने आपल्याला पैसे कोण देतं ते अंकात आणि चॅनलवर ठळक लिहावं. अमेरिकेतल्या ना-नफा न्यूजरूमच्या संघटनेत मोठ्या देणगीदारांची नावं जाहीर करणं सक्तीचं आहे. आपण त्याहून कमी का धरावं?

देणगीदारांना दुसऱ्या एका गोष्टीसाठीही तयार करावं लागेल. २०१५ मध्ये बंगळुरूत ‘इंडिपेंडंट अँड पब्लिक-स्पिरिटेड मीडिया फाउंडेशन’ सुरू झालं. ज्येष्ठ संपादक टी. एन. नायनन त्याचे अध्यक्ष झाले, आणि अझीम प्रेमजी, पत्रकारितेतूनच आलेल्या रोहिणी निलेकणी यांच्यासारख्यांनी पैसे दिले. देशातल्या अनेक स्वतंत्र माध्यमांना त्यातून उभं राहता आलं. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे आयकर विभागाची पाहणी झाली. तुमच्याकडे होईलच असं नाही, पण पहिल्या वर्षापासून कागद असे ठेवा की कोणीही कधीही यावं आणि बघावं. आणि कुटुंबातल्या मोठ्या माणसांशी आधीच बोला: असा दिवस आला तर आपण मागे सरणार आहोत का? उत्तर ‘हो’ असेल तर आत्ताच कळलेलं बरं, कारण मधेच पैसे थांबले तर तुमचं फाउंडेशन टिकेल, तालुक्यातलं ते जोडपं टिकणार नाही.

निवड एकट्याने करू नका. समितीत पाच माणसं असतील तर तीन अशी घ्या ज्यांनी तालुक्यात बातमीदारी केली आहे किंवा ज्यांच्या वस्तीबद्दल बातमी येते, आणि त्यांना बैठकीचं मानधन द्या. मतदानात तुमचं मत एकच असू द्या. सुरुवातीला हे जड जातं. एखादं माध्यम तुम्हाला डोळ्यांसमोर उत्तम दिसतं आणि समिती दुसऱ्यालाच निवडते. भटक्यांच्या वस्तीतून आलेल्या एका सदस्याने आमच्याकडे एकदा एका छान दिसणाऱ्या प्रस्तावाला विरोध केला होता. ‘हे लोक आमच्यावर लिहितात, आमच्याशी बोलत नाहीत,’ एवढंच तो म्हणाला. मी गावात जाऊनही मला ते कळलं नव्हतं. त्याला कळलं, कारण त्याच्यावर लिहिलं गेलं होतं.

ग्रामीण भागावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांनी पुस्तकाच्या मानधनातून ग्रामीण भागातल्या तरुण पत्रकारांसाठी पुरस्कार सुरू केले आणि २०१४ मध्ये ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) हे ग्रामीण भारतावरचं संकेतस्थळ उभं केलं. हे नाव इथे घेते कारण मोठ्या निधीशिवायही पत्रकार हे काम करू शकतो, आणि तुमच्या फाउंडेशनचं नाही जमलं तर तोही रस्ता आहे.

राहता राहिल्या तुमच्या ओळखी. नेमणूक जाहीर झाल्याच्या आठवड्यात जुने सहकारी फोन करतील. त्यांतले काही खरोखर चांगले आणि खरोखर गरजू असतील, कारण जिल्हा आवृत्त्यांमधून माणसं कमी होतच आली आहेत. ज्यांच्यासोबत काम केलं त्यांचा अर्ज आला की बैठकीतून उठून बाहेर जा, आणि तसं इतिवृत्तात लिहा. तुमच्या दैनिकात लेखन चालू ठेवू नका, निदान पहिली काही वर्षं. दोन्हीकडे पाय असला की अनुदान घेणाऱ्याला वाटतं की बातमी लावायला तुमची ओळख आहे, आणि मग तो तुम्हाला खरं सांगत नाही.

नेमणुकीच्या पत्रात दोन गोष्टी लिहून मागा: संपादकीय हस्तक्षेप न करण्याचं धोरण निधी सुरू होण्याआधी मंजूर होईल, आणि पहिले सहा महिने एकही रुपया वाटण्याची घाई होणार नाही. ते सहा महिने फिरा. पहिल्या भेटी दिवाळीनंतरच्या महिन्यात ठेवा. तेव्हा दिवाळी अंकाची वसुली चालू असते आणि कोणाकडे किती अडकलंय, कोणामुळे अडकलंय, हे लोक स्वतःहून बोलतात. मार्चअखेर टाळा, टेंडर आणि जाहीर नोटिसांच्या जाहिरातींची तेव्हा धांदल असते आणि कोणालाच बसायला वेळ नसतो. एसटीने जा. मुक्काम तालुक्यातच करा, जिल्ह्याच्या ठिकाणी परत येऊ नका.